ताप गेलाय, आता पोटभर जेव

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या सकाळच्या एसटीनं मामा लातूरला येतोय. त्याच्याजवळ पिशवी देतेय. मुगाची डाळ, जुना तांदूळ, ज्वारीच्या बारीक कण्या, घरच्या तुपाची बरणी, राजगिऱ्याचे लाडू आणि मोसंबी आहेत. कशाचं काय करायचं ते लिहूनच देते, कारण फोनवर बोलताना तुझं सगळं लक्ष क्लासच्या वेळेकडं असतं.

परवा आजी तुला सांगत होती ते मी ऐकलं. महिनाभर साबुदाण्याची खीर आणि मुगाचं पाणी, बाकी कशाला हात लावायचा नाही. आजीचा तुझ्यावर जीव आहे. तिनं मुदतीच्या तापात, म्हणजे तुला झालेल्या टायफॉइडमध्ये, माणसं गेलेली पाहिलीत, म्हणून ती भिते. पण माय, या बाबतीत तू माझं ऐक. इतकी वर्षं आरोग्य उपकेंद्रात काढल्यावर एक गोष्ट मी खात्रीनं सांगते: टायफॉइड झालेली पोरं औषधानं बरी होतात आणि मग घरचे त्यांना उपाशी ठेवून अशक्त करतात.

आधी आतड्याचं समजून घे. या तापाचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतात. तिथं सूज येते, बारीक जखमा होतात. ताप उतरतो तेव्हा त्या जखमा भरत आलेल्या असतात, पण पुरत्या भरलेल्या नसतात. नुकत्या सारवलेल्या जमिनीवर आपण कसं जपून पाय टाकतो, तसं आतड्याला आता जपायचं. म्हणून मऊ खायचं, कमी तिखट खायचं. पण कमी खायचं असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसनं वाढला की शरीराचा खर्च दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. तुझा ताप कितीतरी दिवस एकशे तीनच्या घरात होता. तो सगळा खर्च तुझ्या मांसातून झालाय. मनगट बघ तुझं. ते पाण्यासारख्या खिरीनं भरून येणार नाही.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. पूर्वी डॉक्टरसुद्धा या तापात रुग्णाला जवळजवळ उपाशीच ठेवायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वॉरेन कोलमन नावाच्या डॉक्टरांनी उलटं केलं. दूध, साय, अंडी, साखर असा भरपूर ताकदीचा आहार त्यांनी टायफॉइडच्या रुग्णांना दिला. त्यांची माणसं तशी वाळली नाहीत. तेव्हापासून उपासमारीची पद्धत मागं पडत गेली. आपल्या घराघरांत मात्र ती अजून आहे.

आता जेवणाचं. एका वेळी पोट फुगेपर्यंत खाऊ नकोस, दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा. सकाळी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू त्यात कुस्करून. दुधानं पोट फुगलं तर घाबरू नकोस, दुखण्यानंतर काही दिवस असं होतं. मग ताजं दही घे. दुपारी गुरगुट्या भात: एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, पाणी भरपूर, हळद, मीठ, वरून चमचाभर तूप. शिट्ट्या दोन जास्त होऊ दे. भात बोटानं चिरडला गेला पाहिजे. दुधी, लाल भोपळा, गाजर किसून त्यातच टाक, म्हणजे भाजी वेगळी शिजवायला नको. आठवडाभर हे पचलं की कण्या सुरू कर. रात्री भिजव, सकाळी मऊ शिजव आणि ताक घालून खा. मग पातळ भाकरी, गरम दुधात नाहीतर वरणात चांगली भिजवून. कडक भाकरी आणि ठेचा अजून काही दिवस नाही. धपाटे, येसराची झणझणीत आमटी, शेंगदाण्याची चटणी, हे सगळं तुला किती आवडतं ते मला माहीत आहे. दिवाळीला घरी आलीस की मी स्वतः करून घालीन.

मेसचा डबा बंद करू नकोस. मावशींना सांग, वरण-भात जास्त द्या आणि तर्रीची भाजी देऊ नका. पोळी वरणात भिजव. काकडी, कांदा, कच्ची कोशिंबीर तेवढी बाजूला काढ.

अंड्याचं मुद्दाम लिहिते. घरात चालत नाही म्हणून तू तिकडंही खात नाहीस. तुझं वजन आता बेचाळीस किलो आहे. झीज भरून काढायला किलोमागं रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पेलाभर दुधात तेवढेच, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढेच. हिशेब तूच कर, बायोलॉजी तुझी आहे. रोज दोन अंडी पूर्ण उकडून खाल्लीस तर फार सोपं होईल. मन नाहीच झालं तर पनीर, दही वाढव. आजीची समजूत मी घालीन.

दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतील. विंचरताना पुंजकेच्या पुंजके येतील. मोठ्या तापानंतर असं होतं आणि केस परत येतात. तेव्हा रडत फोन करू नकोस आणि कुठलं महागडं तेलही आणू नकोस. वरण खा.

पाण्याचं मला सगळ्यात जास्त भेव वाटतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. साठवून पाणी वापरायची सवय आपल्या भागात पक्की आहे, आणि साठवलेल्या पाण्यात हात बुडतात. खोलीवरचं जारचं पाणी थंडगार असतं, पण थंड म्हणजे स्वच्छ नव्हे. पिशवीत विजेची किटली ठेवलीय. पाण्याला खळखळ उकळी फुटली की वर एक मिनिट ठेव, झाकून गार कर, तेच बाटलीत भर. एकदा झाला म्हणजे हा आजार परत होत नाही, असं तुझी मैत्रीण म्हणाली ना? होतो. क्लासबाहेरची पाणीपुरी, बर्फाचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं बंद. मोसंबी आणि केळी तू स्वतः सोलून खा. मोसंबी जालन्याकडची आहेत, गोड निघाली.

आणखी एक. बरं झाल्यावरही काही आठवडे शौचावाटे जंतू बाहेर पडू शकतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती, स्वतः ठणठणीत, पण तिच्या हातचं खाऊन अनेकांना टायफॉइड झाला. शेवटी 1915 पासून 1938 साली मरेपर्यंत तिला एका बेटावर वेगळं ठेवलं. तू घाबरावंस म्हणून सांगत नाही. शौचाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबणानं हात धू, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत खोलीतल्या पोरींसाठी चहा-खिचडी करू नकोस.

गोळ्या लिहून दिलेत तितके दिवस पूर्ण घे, बरं वाटलं तरी. ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा येतो, म्हणून थर्मामीटर उशाशी ठेव. ताप चढला, पोटात असह्य दुखायला लागलं, की शौचाला काळं झालं, तर मला फोन करायच्या आधी रिक्षा करून दवाखान्यात जा. आणि विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी, परत परत करत बसू नकोस. ती बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह येते, आणि पोरी उगाच दुसरा कोर्स घेतात.

नवरात्र आलंय. तू दरवर्षी नऊ दिवस धरतेस. यंदा धरू नकोस. तुळजापूरला मी जाऊन येईन, तुझ्या नावानं ओटी भरीन. आई भवानीला आजारी लेकरानं उपाशी राहिलेलं आवडत असेल असं मला वाटत नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

अभ्यास बुडाला म्हणून रात्री जागू नकोस. दहाला झोप. दर रविवारी मेडिकलच्या काट्यावर वजन कर आणि मला आकडा कळव.

तुझी,
आई

ता. क. तुपाची बरणी काचेची आहे, जपून काढ. मागच्या वेळचे दोन डबे तुझ्याकडंच आहेत, ते धुऊन मामाजवळ दे.