खेळासाठी बायोस बदलायला लावून संगणक अडकवल्याबद्दल आणि परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

नाशिक,
दि. २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
खेळ प्रकाशक कंपनी, भारत विभाग

विषय : अँटी-चीटच्या (खेळातील लबाडी रोखणाऱ्या प्रोग्रामच्या) नव्या अटीमुळे बंद पडलेला खेळ, त्यातून झालेले नुकसान आणि नाकारलेला परतावा

महोदय,

दि. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी मी आपल्या अधिकृत ऑनलाइन दुकानातून आपला नेमबाजीचा खेळ ३,९९९ रुपयांना विकत घेतला. मी आणि माझा मुलगा जवळजवळ तीन महिने तो विनातक्रार खेळत होतो. दि. १० जानेवारी २०२६ च्या अपडेटनंतर मात्र खेळ सुरू करताच ‘बायोस अद्ययावत करा आणि सिक्युअर बूट सुरू करा’ एवढेच सांगणारी चौकट दिसू लागली आणि खेळ आपोआप बंद होऊ लागला. (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम आणि सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीची सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सोय.) खरेदीच्या दिवशी आपल्या पानावर प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या अटी दिलेल्या होत्या. सिक्युअर बूटचा उल्लेख कुठेही नव्हता. त्या पानाची प्रत आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे.

ज्या संगणकावर आम्ही खेळतो, त्यावरच माझे करसल्लागाराचे काम चालते आणि अशिलांची कागदपत्रे असल्यामुळे त्याची डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद केलेली आहे. आपल्या सूचनेनुसार त्याच रात्री मी मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून नवे बायोस उतरवून चढवले. संगणक पुन्हा सुरू होताना प्रोसेसरमधील टीपीएमची (गुप्त किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा भागाची) रचना बदलल्याचा संदेश आला आणि ती पुसून नव्याने सुरू करायची का, असे विचारले गेले. मी ‘वाय’ दाबले. बिटलॉकर असल्यास रिकव्हरी कीशिवाय संगणक सुरू होणार नाही, असे त्याच संदेशात लिहिलेले होते आणि मी ते घाईत वाचले नाही. ही चूक माझी आहे व ती मी लपवत नाही. पण बायोस बदलण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरता स्थगित ठेवावा, हे एक वाक्य आपल्या चौकटीत असते, तर तो प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा काही बिघडले नसते. ज्यांनी बायोसला हात लावायला सांगितले, त्यांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

डिस्कची किल्ली टीपीएमच्या ताब्यात असते आणि यंत्र सुरू होतानाच्या मोजमापांत फरक पडला किंवा टीपीएमच पुसला गेला, तर ती किल्ली मिळत नाही. तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी कीच लागते. माझी की संगणक जोडून देणाऱ्या मावसभावाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली होती आणि तो प्रवासात होता, त्यामुळे ती १२ तारखेच्या संध्याकाळी हाती आली. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी विवरणाची) मुदत दर महिन्याच्या ११ तारखेला संपते, हे नाशिकमधल्या कोणत्याही दुकानदाराला विचारले तरी कळेल. चार अशिलांची विवरणे मला पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतींवरून, दुसऱ्याच्या संगणकावर बसून, नव्याने जुळवावी लागली.

लबाडी रोखण्याला माझा विरोध आहे, असा अर्थ कृपया काढू नये. विंडोज सुरू होण्याआधीच शिरणारे चीट, म्हणजे लबाडीचे प्रोग्राम, असतात, सही असलेल्या पण सदोष ड्रायव्हरच्या आडून कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, घुसणारे असतात, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसवलेल्या कार्डातून दुसऱ्या संगणकाला थेट मेमरी वाचू देणारेही असतात. अशांपुढे साध्या प्रोग्रामचे काही चालत नाही, म्हणून सिक्युअर बूट, टीपीएम आणि आयओएमएमयू (जोडलेल्या कार्डांना मेमरीत कुठे हात घालता येईल हे ठरवणारी यंत्रणा) यांचा आधार घ्यावा लागतो, हे मला मान्य आहे. काही प्रमुख कंपन्यांच्या मदरबोर्डांवर आयओएमएमयूचे संरक्षण चालू असल्याचे दिसते, पण सुरुवातीच्या क्षणी ते प्रत्यक्षात उभेच राहिलेले नसते, हे डिसेंबर २०२५ मध्ये उघड झाले; त्यामुळे नव्या बायोसचा आग्रहही समजण्यासारखा आहे. माझी तक्रार एवढीच की, ही सगळी जोखमीची कारागिरी आपण दोन ओळींत ग्राहकाच्या गळ्यात टाकली आणि तिचा परिणाम काय होऊ शकतो ते सांगितले नाही.

शिवाय जो कठोरपणा माझ्या यंत्राला लावला जातो, तो आपल्या अँटी-चीटच्या ड्रायव्हरलाही लागू व्हायला हवा. आपला ड्रायव्हर खेळ चालू नसतानाही संगणकाबरोबर सुरू होतो आणि कर्नेलच्या पातळीवर बसून राहतो. २०२२ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाचा सही केलेला अँटी-चीट ड्रायव्हर खंडणीखोरांनी अँटीव्हायरस बंद पाडण्यासाठी वापरला होता आणि त्यासाठी पीडिताच्या संगणकावर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती. दि. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून ठेवले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने बोर्डिंग पास लिहिले जात होते. संगणकाच्या इतक्या आतल्या घरात राहणाऱ्या पाहुण्याने आपण काय पाहतो आणि काय बाहेर नेतो, हे यजमानाला सांगायलाच हवे.

विशेषतः टीपीएममधील एन्डॉर्समेंट की ही त्या चिपची कायमची ओळख असते. त्या ओळखीवर कुणावर बंदी घातली आणि आत तो टीपीएम असलेला प्रोसेसर त्याने विकला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तो जुना प्रोसेसर विश्वासाने घेणारा माणूस दुसऱ्याच्या लबाडीची शिक्षा भोगेल. याबद्दल आपल्या करारात मला एक शब्दही सापडला नाही.

सध्या सिक्युअर बूट चालू आहे, टीपीएम २.० चालू आहे, विंडोजही दोन्ही व्यवस्थित असल्याचे दाखवते. तरीही आपली चौकट टीपीएमची तपासणी अयशस्वी झाल्याचेच सांगते. मदत विभागाने १९ जानेवारीच्या उत्तरात, खेळण्याचा वेळ २ तासांहून अधिक झाल्याने परतावा देता येत नाही, असे कळवले. ते २ तास जुन्या अटींवर खेळलेले होते. अटी आपण बदलल्या, मी नाही, त्यामुळे हे कारण मला मान्य नाही.

तरी कृपया ३,९९९ रुपयांची पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी. माझ्या टीपीएममधून कोणती माहिती वाचली, ती कुठे आणि किती काळ ठेवली जाते हे लेखी कळवावे आणि परताव्यानंतर ती पुसून टाकावी. तसेच विक्रीच्या पानावर या अटी आणि चौकटीत बिटलॉकरची सूचना ठळकपणे द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
(सही)
तक्रारदार ग्राहक