खुब्याच्या बाजूचे दुखणे: मित्रास पत्र

दर्यापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. कापसाच्या वेचणीत वावरातून धुऱ्यावर चढताना पाय लंगडतो, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला ठणकते आणि महिनाभर तू गुडघ्याला तेल चोळतो आहेस, हे वाचून मला हसू आले. दोन वर्षांपूर्वी मीही हेच केले होते.

दुखणे बहुधा ग्लुटिअस मीडिअस या स्नायूचे आहे. कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या पसरट भागावरून निघून तो निमुळता होत खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाचा जो उंचवटा बाजूने हाताला लागतो, त्याला जोडला जातो. पाय बाजूला उचलणे हे त्याचे काम खरेच. पण त्याची कसोटी चालताना लागते. एक पाऊल उचलले की त्या बाजूची कंबर खाली झुकू पाहते आणि टेकलेल्या पायाकडचा हा स्नायू तिला सावरून धरतो. शरीराचा भार सांध्यापासून लांब आणि स्नायूची ओढ जवळून, म्हणून त्याला फार जोर लावावा लागतो. एका पायावर उभे असताना खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो.

स्नायू दुबळा असला तर काय दिसते, हे जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली सांगितले. मी ते कपाटाच्या आरशात पाहिले: डाव्या पायावर उभा राहिलो आणि पायजम्याची नाडी उजवीकडे दोन बोटे खाली गेली.

व्यायाम साधा आहे, पण चुकतो फार. दुखरी बाजू वर ठेवून, पाठ भिंतीला लावून कुशीवर झोप. गुडघा ताठ आणि पायाची बोटे किंचित खाली वळवून, टाच भिंतीवरून सरकवत पाय वीतभर उचल, पाच सेकंद धर, हळू खाली आण. दहा वेळा पुरे. बोटे छताकडे वळली की मांडीच्या पुढचे स्नायूच राबतात. मी पंधरा दिवस तसेच वाया घालवले. रात्री दुखऱ्या कुशीवर झोपू नकोस, गुडघ्यांमध्ये उशी घे. ताप असेल, पाय बधिर होत असेल किंवा पडला असशील, तर आधी डॉक्टर.

काठी घेतलीस तर चांगल्या बाजूच्या हातात धर. आपल्याकडचे म्हातारे ती दुखऱ्या बाजूलाच धरतात; पलीकडून टेकल्यास झुकणाऱ्या कमरेला आधार मिळतो आणि स्नायूची ओढ हलकी होते.

कोणता पाय दुखतो, हे मात्र तू लिहिलेच नाहीस. आरशासमोर एकेका पायावर उभा राहा आणि नाडी कोणीकडे झुकते, तेवढे कळव.

तुझा,
जुना वर्गमित्र