करारनाम्यातला ट्रक

वकीलताईंस सप्रेम नमस्कार,

नाव लिहायला तुम्हीच मनाई केलीत, म्हणून नुसतं वकीलताई. पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. कारण आमच्या बचत गटातली कुणी ना कुणी अजूनही म्हणते, "तुझा करारनामा पाठव गं, नावं बदलून घेते."

२०१९ साली मीही तेच केलं होतं. थोरल्या जाऊबाई आणि मी, दोघींनी कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीचा धंदा काढला. माझे चार लाख, त्यांचे दोन. घरच्याच घरात वकील कशाला? भावाच्या मित्राच्या ट्रान्सपोर्टचा भागीदारीचा करारनामा मिळाला, त्यात आमची नावं घातली, ५०० च्या स्टँपवर प्रिंट काढली, नोटरीचा शिक्का मारून घेतला. एका दुपारचं काम.

पुढं पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं ३,८२,००० रुपये थकवले. त्याला नोटीसही मीच लिहिली, अगदी ‘सबब’ आणि ‘अन्यथा’ घालून. त्याच्या वकिलाचं चार ओळींचं उत्तर आलं: तुमची फर्म नोंदलेली नाही, भागीदारी कायदा १९३२, कलम ६९, तुमचा दावा चालणार नाही. त्याच रागात आम्ही दोघी तुमच्याकडे आलो. म्हटलं, उद्याच दावा टाका.

तुम्ही आधी करारनामा वाचायला घेतलात. चौदाव्या कलमाशी थांबलात, चष्मा काढलात आणि विचारलंत, "चटणीला टायर कुठल्या कंपनीचे घालता?"

टायर आणि क्लीनरचा भत्ता तसाच राहिला होता. एका कलमात त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं नावही होतं, म्हणजे कागदावर तो आमचा तिसरा भागीदार! जाऊबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र घाम फुटला होता.

मग तुम्ही दोघींच्या हातात एकेक चिठ्ठी दिलीत. नफ्यात कुणाचा किती वाटा, एकमेकींना न विचारता लिहा म्हणालात. मी लिहिलं, दोनास एक. जाऊबाईंनी लिहिलं, निम्मं निम्मं. चार वर्षं आम्ही नफा धंद्यातच घालत होतो, वाटायची वेळच आली नव्हती, म्हणून हे कळलंच नव्हतं. करारात प्रमाण लिहिलेलं नसेल तर भागीदारी कायद्याच्या कलम १३ नुसार नफा-तोटा सारखाच वाटला जातो, भांडवल कुणाचं कितीही असो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खरं सांगायचं तर मला ते अन्यायाचं वाटलं. तेवढ्यात जाऊबाई हळूच म्हणाल्या, "पहाटे पाचला मिरची कांडायला डंकावर कोण जातं?" त्यावर मी काय बोलणार? नव्या करारात नफा निम्मा निम्मा आहे, आणि भांडवलावर व्याज. माझ्याही जिवाला ते पटलं. हा वाद उद्या आमच्या पोरांनी घातला असता तर घराची दोन घरं झाली असती. व्यापाऱ्याच्या पैशांपेक्षा त्या दोन चिठ्ठ्यांसाठी मी तुमचे आभार मानते.

बाकीचं तुम्ही निगुतीनं मार्गी लावलंत. सहा लाखांच्या भांडवलाला तेव्हाच्या दरानं ६,००० रुपये मुद्रांक लागत होता आणि आम्ही ५०० वर भागवलं होतं. फरक दंडासह भरला. दावा मात्र तुम्ही अडवून धरलात: आधी फर्मची नोंदणी, मग दावा, कारण दावा टाकल्यावर केलेली नोंदणी त्या दाव्याला उपयोगी पडत नाही. सगळ्यात जुन्या बिलाची तीन वर्षांची मुदत संपायला चार महिने उरले होते. त्या दिवसांत मी तुम्हाला किती फोन केले ते आठवून आता लाज वाटते.

नोंदणीचा दाखला हातात आला आणि समोरच्याचा सूर बदलला. तीन लाखांवरचा व्यापारी दावा म्हणून आधी मध्यस्थीला जावं लागलं, आणि तिथंच सहा हप्ते ठरले. शेवटचा गेल्या शुक्रवारी जमा झाला.

गाळ्याचा भाडेकरारही नुसता नोटरीचाच आहे, हे तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी घेऊन येते. रागावू नका.

सोबत दोन किलो चटणी पाठवतेय, तिखट तुमच्या बेतानं कमी. ती फीमध्ये धरू नका. फीची पावती वेगळी द्या, जाऊबाईंना हिशोबाला लागते.

तुमची,
चटणीवाली धाकटी जाऊ