चि. मुक्तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून अपघात विभाग सोडून तू त्या दुसऱ्या टीममध्ये जाणार, मारामारीतल्या जखमींच्या घरी जाऊन पुढचा सूड टाळू पाहणाऱ्या, हे काल फोनवर कळलं. मी 'बरं' म्हणालो आणि फोन आईकडे दिला. आई म्हणते, बाबा रागावले असं तुला वाटलं. रागावलो नाही. मला फोनवर सुचत नाही हे तुला माहीत आहे. सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेण्यात गेली. म्हणून पत्र.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा काढणार नाही. अंधार पडल्यावर कुणाच्या घरी एकटी जाऊ नकोस.

मारामाऱ्या आणि खून कुठे कसे कमी केले याबद्दल तू पाठवलेलं दादाने छापून आणलं, ते सगळं वाचलं. ब्रिटनमधल्या कार्डिफचं सर्वांत पटलं. तो जोनाथन शेफर्ड म्हणजे तुटलेले जबडे जोडणारा सर्जन. मारामारीत जखमी होऊन आलेल्यांपैकी कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्याच्या लक्षात आलं. मग दवाखान्याच्या खिडकीवरच्या कारकुनांनी तीन गोष्टी विचारून ठेवायला सुरुवात केली: कुठे झालं, केव्हा झालं, कशाने मारलं. नाव गाळून ही माहिती पोलिसांकडे आणि नगरपालिकेकडे जायची आणि त्यावरून गस्त कुठे हवी ते ठरायचं. तशाच इतर शहरांशी ताडून पाहिलं तर हिंसेमुळे दाखल होणाऱ्यांचं प्रमाण तिथे 42 टक्क्यांनी कमी निघालं. कारकुनाने एक रकाना नीट भरला म्हणून कुणाचा तरी मुलगा रात्री धडधाकट घरी गेला असेल, हे वाचून मी थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. मीही रकाने भरले, पण सेशन कोर्टात माझ्यासमोर येणारा प्रत्येक कागद माणूस गेल्यानंतरचा असायचा.

मुद्देमालात आलेला एक सुरा अजून डोळ्यांसमोर आहे. स्वयंपाकघरातलाच, लाकडी मुठीचा. मूठ सैल झाली म्हणून तिला तांब्याची तार गुंडाळलेली. सरकारी वकिलांनी सील फोडून तो साक्षीदार बाईंपुढे धरला, ओळखता का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, ही तार मीच गुंडाळली." त्या आरोपीच्या आई. गेलेला मुलगा शेजारचा, त्यांच्याच घरात लहानाचा मोठा झालेला. भांडण गाडी कुठे लावायची यावरून. त्यांचं वाक्य मी लघुलिपीत घेतलं आणि पुढच्या प्रश्नाला माझी पेन्सिल मागे पडली. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

हे कुठून निघालं? सांगायचं होतं ते असं की ठरवून, कट करून केलेले खून माझ्या हाताखालून फार थोडे गेले. बहुतेकांत एक किरकोळ भांडण, थोडी दारू, हाताशी आलेलं हत्यार आणि बघायला उभे असलेले चार मित्र. त्या चौघांसमोर माघार घेता येत नाही, म्हणून एक जण मरतो आणि दुसरा जन्माचा आत जातो. मधे कुणीतरी येऊन एकाला बाजूला नेलं असतं तर, असं प्रत्येक खटल्यात वाटायचं. ते कुणीतरी आता माझी मुलगी होणार आहे. याचा मला किती अभिमान आहे ते काल 'बरं'मध्ये आलं नाही.

पण मुक्ता, अमेरिकेतल्या बॉस्टनचं तूच पाठवलंस ना? टोळ्यांतली मुलं शहरातल्या तरुणांच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि तरुणांच्या खुनांपैकी निदान 60 टक्क्यांशी त्यांचा संबंध. म्हणून 1996 पासून तिथल्या पोलिसांनी आणि समाजसेवकांनी नेमक्या त्याच मुलांना समोर बसवलं. मारामारी थांबवा, मदत हवी ती देतो, नाही थांबवली तर कायदा तुमच्या सगळ्या टोळीच्या मागे लागेल. तरुणांचे खून जवळपास दोन तृतीयांशांनी घटले. वाचून उमेद वाटली. मग ध्यानात आलं की एवढ्या मोठ्या शहरात जी थोडकी घरं सर्वांत धोक्याची, तीच तुझ्या यादीत असणार.

अमेरिकेतल्याच बाल्टिमोरबद्दल तू पाठवलं नव्हतंस, ते मी शोधलं. 2015 ते 2022 दरवर्षी 300च्या वर खून, आणि 2024 मध्ये 201. किती जीव वाचले! तिथे 2007 पासून सेफ स्ट्रीट्स म्हणून काम चालतं. त्याच वस्तीतली, कधीकाळी स्वतः त्या वाटेने गेलेली माणसं भांडणात मधे पडतात. त्यांतले तिघे जानेवारी 2021 ते जानेवारी 2022 या काळात गोळ्या लागून गेले. ज्यांना गल्लीन् गल्ली माहीत, ज्यांचा शब्द पोरं ऐकायची, ते. तुला कोण ओळखतं तिथे?

विनूही मधेच पडला होता. तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. आत्या त्या विषयावर अजून बोलत नाही आणि आपल्याकडे कुणी काढत नाही, पण तुझं काल ऐकल्यावर आई रात्री उठून बसली ती त्याचमुळे. म्हणून म्हणतो, सोबत कुणीतरी असल्याशिवाय दार वाजवू नकोस. घरात आरडाओरडा ऐकू आला तर पायरीवरूनच परत फिर. दाराकडे पाठ करून बसू नकोस.

बघ, पुन्हा सुरू झालं. तुला हे सगळं शिकवलेलं असणार, माझ्याहून चांगलं. माफ कर.

ग्लासगोचंही वाचलं. 2005 मध्ये पोलिसांनीच हिंसेला साथीच्या रोगासारखं धरायचं ठरवलं: कुठे सुरू होते, कुणाकडून कुणाकडे जाते, मधे कुठे तोडायची. पुढच्या दहा वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्याहून कमी झाले. न्यूयॉर्कमध्ये 1990 साली 2,245 खून झाले होते, 2017 मध्ये 300 सुद्धा नाहीत. कारणं कोणती यावर जाणकारांचं एकमत नाही आणि श्रेय सगळेच घेतात. मला त्या वादात रस नाही. हे आकडे खाली येऊ शकतात हे मी कोर्टात बसून कधी मानलं नसतं. तिथे खटले वाढतच जातात असं वाटायचं.

तू त्या मुलाच्या भावाची गोष्ट आईला सांगितलीस, तिने ती मला दोनदा सांगितली. आत टाके पडत होते आणि तो बाहेर बाकावर मित्रांना एकामागून एक फोन लावत होता. तू त्याच्याशेजारी जाऊन बसलीस. बदल्याचं काही बोलली नाहीस, त्याला भावाबद्दल विचारत राहिलीस. उजाडेपर्यंत तो तिथेच होता. त्या रात्री जे घडलं नाही त्याचा गुन्हा नोंद होणार नाही, पंचनामा होणार नाही, आणि कुठल्या आईला सुरा ओळखायला उभं राहावं लागणार नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असा एकही कागद माझ्यापर्यंत आला नाही. येणारच नव्हता. तुझ्यामुळे तो असतो हे कळलं.

तरीही तू एकटीच बसली होतीस ना त्याच्याजवळ? चार मित्र येऊन धडकले असते तर? वॉर्डात पहारेकरी असतो का रात्री?

बाकी घरी ठीक. आईचं गुडघ्याचं तसंच आहे, तुला सांगू नका म्हणाली आहे. दादा दिवाणखान्यातला फोन माझ्या उशाशी लावून देणार आहे, तेव्हा कितीही वाजता केलास तरी मीच घेईन. घरभेटीला निघताना आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा कर. आणि तुझ्या सोबत जो कुणी असेल त्याचं नाव आणि नंबर या आठवड्यातच कळव.

तुझा,
बाबा