नियमाच्या आकड्यावरून होणारी भांडणे

पुणे,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळाले. चर्चा करण्यासाठी निवडून दिलेली माणसे ती कोणत्या नियमाखाली करायची यावरच दिवसचे दिवस घालवत असतील, तर संसदेचे थेट प्रक्षेपण बंद करावे, निदान घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब तरी वाढणार नाही, असे तू लिहिले आहेस. तुझा संताप समजतो. कागद फाडणे, हौद्यात उतरणे, फलक नाचवणे यांबद्दल तू जे म्हणतोस त्यावर मला वाद घालायचा नाही. मात्र नियमाच्या आकड्यावरून होणारे भांडण तू त्याच गठ्ठ्यात बांधलेस, ते मला पटले नाही. माझ्या मते सभागृहातले ते सर्वांत अर्थपूर्ण भांडण असते, कारण चर्चेच्या शेवटी मतदान होणार की नाही, आणि झाल्यास कोणाचे मत कोणत्या बाजूला पडले याची नोंद राहणार की नाही, हे त्या आकड्यावर ठरते.

किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीचा वाद तुला आठवत असेल. सप्टेंबर २०१२ मध्ये मनमोहन सिंग सरकारने त्या गुंतवणुकीला परवानगी दिली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस हिवाळी अधिवेशन सुरू झाले, तेव्हा पहिले काही दिवस कामकाज झालेच नाही. सरकार चर्चेला तयार होते, पण लोकसभेच्या नियम १९३ खाली. भाजप आणि डावे पक्ष नियम १८४ वर अडून बसले होते. १९३ खाली सदस्य बोलतात, मंत्री उत्तर देतात आणि विषय संपतो. १८४ खाली सभागृहापुढे रीतसर प्रस्ताव असतो आणि त्यावर मत द्यावे लागते. बोलायला मिळणारा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच असू शकतो, भाषणेही तीच झाली असती. मग एवढा हट्ट कशासाठी, असा प्रश्न तेव्हा अग्रलेखांतूनही विचारला गेला.

त्याचे उत्तर ५ डिसेंबरला मिळाले. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या समाजवादी पक्षाने आणि बहुजन समाज पक्षाने भाषणांत या धोरणावर टीका केली आणि मतदानाच्या वेळी दोघेही सभात्याग करून निघून गेले. सुषमा स्वराज यांचा प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी पडला. फरक होता ३५ मतांचा, आणि बाहेर गेलेल्या या दोन पक्षांचे मिळून ४० हून अधिक खासदार होते. दोन दिवसांनी राज्यसभेत बसपने थेट सरकारच्या बाजूने मत दिले आणि तिथेही १०९ विरुद्ध १२३ असा प्रस्ताव पडला. सरकार जिंकले, हे खरेच. परंतु १९३ खाली चर्चा झाली असती तर बोलणे एक आणि वागणे दुसरे, हे त्या दोन पक्षांच्या नावावर कायमचे चढले नसते. विरोधकांनी तीन-चार दिवस घालवून एवढेच मिळवले, आणि ते थोडे नव्हते.

यात कोणता पक्ष कोणत्या बाजूला होता, याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण बाके बदलली की भूमिका बदलतात. २० जुलै २०२३ ला पावसाळी अधिवेशन सुरू झाले तेव्हा मणिपूर मे महिन्यापासून पेटलेले होते. राज्यसभेत विरोधक नियम २६७ मागत होते, ज्याखाली त्या दिवसाचे ठरलेले कामकाज बाजूला ठेवून तोच विषय घेता येतो. सरकार नियम १७६ खाली अल्पकालीन चर्चा द्यायला तयार होते, तिची मर्यादा अडीच तासांची आणि शेवटी मतदान नाही. अकरा वर्षांपूर्वी मतदानाचा आग्रह धरणारा पक्ष आता चर्चा हवी की आकडा हवा, असे विचारत होता, आणि तेव्हा हाच प्रश्न विचारणारा पक्ष आता आकड्यासाठी अडला होता. कोंडी फुटेना, तेव्हा विरोधकांनी लोकसभेत अविश्वास प्रस्ताव आणला. तो मंजूर होणार नाही हे आणणाऱ्यांनाही ठाऊक होते. पण नियम १९८ खाली ५० सदस्य उभे राहिले की अध्यक्षांना तो नाकारता येत नाही, दहा दिवसांच्या आत चर्चा घ्यावी लागते, आणि प्रघाताप्रमाणे पंतप्रधान स्वतः उत्तर देतात. ८ ते १० ऑगस्ट अशी ती चर्चा झाली. पंतप्रधानांना मणिपूरवर सभागृहात बोलायला लावण्यासाठी सरकार पाडण्याचा प्रस्ताव आणावा लागतो, यातच आपल्या नियमांची मोठी उणीव दिसते. विरोधकांच्या हातात अधलेमधले साधन नाही. एक तर सूचना फेटाळली जाते किंवा थेट अविश्वास. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात प्रत्येक अधिवेशनात २० दिवस विरोधकांच्या हक्काचे असतात आणि त्या दिवशी विषय तेच निवडतात. आपल्याकडे लोकसभेत तसे काही नाही. त्या मानाने महाराष्ट्र विधानसभेतला विरोधी पक्षाचा अंतिम आठवडा प्रस्ताव ही मला समंजस तरतूद वाटते, जरी तोवर निम्मे आमदार परतीच्या वाटेला लागलेले असतात.

आता नोंदीविषयी. तू टीव्हीवर पाहतोस की अध्यक्ष 'होय म्हणणारे', 'नाही म्हणणारे' असे विचारतात आणि क्षणार्धात 'मंजूर' म्हणून मोकळे होतात. ते आवाजी मतदान. त्यात काही गैर नाही. बहुतेक कामकाजावर मतभेदच नसतात आणि प्रत्येक वेळी डोकी मोजत बसलो तर एकही दिवस पुरणार नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा कोणी त्या निर्णयाला हरकत घेऊन मतविभाजन, म्हणजे मते प्रत्यक्ष मोजून घेणे, मागतो. लोकसभेच्या नियमांत त्याची रीत नेमकी लिहिली आहे: लॉबी रिकामी करण्याचा आदेश, मग साडेतीन मिनिटांची वाट, मग पुन्हा तोच प्रश्न. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक दोन विधेयके आली, तेव्हा काही सदस्यांनी ती प्रवर समितीकडे पाठवावीत असा प्रस्ताव मांडून मतविभाजन मागितले. उपसभापती हरिवंश यांनी सदस्य आपापल्या जागेवर नाहीत असे कारण देऊन आवाजी मतदानाने सर्व उरकले. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. गोंधळ दोन्हीकडून होता, हे मी मान्य करतो; पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्या दिवशी सरकारजवळ पुरेशी मते होती की नव्हती, हा वाद कधीच मिटणार नाही, कारण मोजदादच झाली नाही. मते होती असे धरले, तर मोजायला काय हरकत होती? पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एका दिवसात, चर्चेविना मंजूर केले. कायदा येतानाही धड चर्चा नाही आणि जातानाही नाही.

आपल्या विधानसभेचा अनुभव याहून दूरचा नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. भाजपजवळ स्वतःचे बहुमत नव्हते, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, आणि शिवसेना व काँग्रेस मतविभाजन मागत होत्या. ते झाले असते तर राष्ट्रवादीच्या आमदारांना एकेक करून आपली बाजू दाखवावी लागली असती. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन पक्षांची ती अडचण आवाजी मतदानाने अलगद सोडवली. पाच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०१९ ला, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची चाचणी उघड मतदानाने आणि थेट प्रक्षेपणात घ्या, असा आदेश दिला. ३० तारखेला उद्धव ठाकरे सरकारची चाचणी शिरगणतीने झाली आणि १६९ विरुद्ध शून्य असा आकडा नोंदला गेला.

वेळेचे नियम तर याहून कठोर. २९ डिसेंबर २०११ ची रात्र तू विसरला नसशील, कारण तेव्हा आपण दोघेही राळेगणच्या अण्णांच्या बातम्यांवर डोळे लावून होतो. लोकसभेने लोकपाल विधेयक मंजूर केले होते. राज्यसभेत सरकारला बहुमत नव्हते आणि १८७ दुरुस्त्या आल्या होत्या. भाषणे लांबत गेली, मध्येच एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली, बारा वाजले, अधिवेशनाची मुदत संपली आणि मतदान न होता सभागृह बेमुदत तहकूब झाले. विधेयकाच्या विरोधात कोणालाही मत द्यावे लागले नाही. ते घड्याळाने अडवले. दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळायला डिसेंबर २०१३ उजाडला. याच्या अगदी उलट प्रकार अर्थसंकल्पाचा. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी उरलेल्या सर्व अनुदानाच्या मागण्या एकत्र मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. १४ मार्च २०१८ ला लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या आणि वित्त विधेयक जेमतेम अर्ध्या तासात, चर्चेविना संमत केले. २०१३ मध्येही सर्व मागण्यांची तीच गत झाली होती.

गंमत अशी की चर्चा तोडण्याचा हा अधिकार मुळात अडवणुकीच्या उत्तरातून आला. १८८१ साली पार्नेल आणि त्यांच्या आयरिश सहकाऱ्यांनी आयर्लंडवरचे दडपशाहीचे विधेयक रोखण्यासाठी लंडनचे सभागृह सलग ४१ तास बोलत ठेवले. २ फेब्रुवारीच्या सकाळी अध्यक्ष ब्रँड यांनी कोणत्याही नियमाचा आधार नसताना चर्चा बंद करून मतदान घेतले, पुढच्या वर्षी तो अधिकार नियमांत आला आणि १८८७ मध्ये, पुन्हा एका आयरिश विधेयकावर, गिलोटिनही आले. एका छोट्या गटाने बोलण्याचे हत्यार ताणले आणि बहुमताला कायमची कात्री मिळाली. आजच्या विरोधकांनी हे ध्यानात ठेवायला हवे, कारण गोंधळात वाया गेलेला प्रत्येक तास चर्चेविना विधेयक रेटण्याचे निमित्त ठरतो.

समित्यांबद्दल थोडक्यात लिहितो. शिवराज पाटील अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. तिथे कॅमेरे नसतात, पक्षादेश लागू नसतो आणि माणसे खरोखर वाचून येतात. पण विधेयक समितीकडे पाठवलेच पाहिजे अशी सक्ती नाही. ते पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे अध्यक्ष-सभापतींच्या, किंवा सभागृहाच्या मर्जीवर आहे. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. एकही नियम न बदलता एवढा फरक पडू शकतो. आणि खाजगी सदस्यांच्या विधेयकांचे म्हणशील तर त्यांना शुक्रवारचे अडीच तास मिळतात, आजवर अशी १४ विधेयके कायदा झाली, त्यांतले शेवटचे १९७० साली. आपले बॅरिस्टर नाथ पै यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळवून देणारे विधेयक याच वाटेने आणले होते. ते संयुक्त समितीपर्यंत पोहोचले, पण कायदा झाले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, १९७१ मध्ये, सरकारने त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली.

नियमांची ताकद सरकारांना तुझ्यापेक्षा चांगली कळते. १९२९ च्या एप्रिलमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी सार्वजनिक सुरक्षा विधेयकावरची चर्चा नियमबाह्य ठरवली, कारण कम्युनिस्ट आणि कामगार नेत्यांवरचा मीरत कटाचा खटला न्यायालयात होता आणि त्या खटल्याला न शिवता विधेयकावर बोलणे अशक्य होते. व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढला, आणि अध्यक्षाला पुन्हा असे करता येऊ नये म्हणून नियमच बदलून टाकला.

आपल्याकडेही डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने विधानसभा अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने करण्यासाठी नियम बदलला. मते फुटण्याची भीती हे कारण उघड होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून ते आसन रिकामे होते. राज्यपाल कोश्यारी यांनी या बदलाला हरकत घेतली आणि ते रिकामेच राहिले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढण्याचे काम उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे आले, त्यांच्याच विरुद्ध पदावरून हटवण्याची नोटीस देण्यात आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अध्यक्षपद वेळेत भरले असते तर पुढचे सगळे टळले असते, असा माझा दावा नाही. पण ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले ते त्याच बदललेल्या नियमाने, उघड मोजणी करून, आणि नियम बदलणारे तेव्हा विरोधी बाकांवर बसून स्वतःची मते मोजून घेत होते.

तू विचारशील, मग तुझे म्हणणे तरी काय. एवढेच, की एका सदस्याने जरी जागेवर उभे राहून मतविभाजन मागितले तरी ते नाकारण्याची मुभा पीठासीन अधिकाऱ्याला नसावी, आणि गोंधळ हे ते टाळण्याचे कारण ठरू नये. आता तर बटण दाबून निकाल लागतो. पुढच्या अधिवेशनात आकड्यावरून भांडण पेटले की वाहिनी बदलण्याआधी त्या दोन नियमांपैकी कोणत्याखाली मतदान आहे ते शोधून काढ, आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र