व्हेनिसला गोंडोलाच कशाला?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला व्हेनिसचा लेख वाचला. फोटो मस्त आहेत, पण गोंडोलात, म्हणजे तिथल्या त्या लांबट वल्ह्याच्या होडीत, बसल्याशिवाय व्हेनिस बघितलंच नाही असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. गोंडोलाचा ठरलेला रेट दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110, आणि एवढे पैसे मोजून बघायला मिळतं काय तर जवळपासचे दोन-चार कालवे.

त्यापेक्षा तिथली माणसं ज्यातून फिरतात ती पब्लिक बोट घ्या ना, वापोरेत्तो. 1 नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे गावातल्या मुख्य कालव्यातून, जवळजवळ प्रत्येक स्टॉप घेत रेल्वे स्टेशन, रिआल्टो, सान मार्को असं करत पार लिडो बेटापर्यंत जाते, बाहेरच्या बाजूला उभं राहायला जागा मिळाली की दोन्ही काठांवरचे जुने महाल आरामात बघत जायचं. घाई असेल तर 2 नंबर, तिला स्टॉप कमी. तिकीट 75 मिनिटांचं साडेनऊ युरो, महागच आहे, म्हणून 25 युरोचा चोवीस तासांचा पास परवडतो, फक्त चढायच्या आधी मशीनला लावायचा, नाहीतर दंड.

आणि गोंडोलाची हौसच असेल तर त्रागेत्तो आहे की! अख्ख्या ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त 4, म्हणून मधेमधे गोंडोलासारख्याच होडीतून पलीकडे सोडतात, 2 युरोत. दोन मिनिटांत संपतं म्हणा, पण हौस भागते.

बाकी सगळं पायी. गाड्या नाहीतच, सायकलसुद्धा चालत नाही. गल्ल्यांत मोबाईलचा मॅप गोंधळतो, तेव्हा भिंतींवरच्या 'पेर रिआल्टो' (म्हणजे रिआल्टोकडे), 'पेर सान मार्को' अशा पिवळ्या पाट्या बघत जायचं. लेखात एक गोष्ट मात्र यायलाच हवी होती, ती म्हणजे जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हॉटेल बोटीच्या स्टॉपजवळच बघावं आणि मोठ्या बॅगा तर नेऊच नयेत, चाकांचा तिथे काही उपयोग नाही.

शिवाय 2024 पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना एंट्री फी लागते, गावात मुक्काम असेल तर ती माफ. तारखा बदलतात, तेव्हा पुढच्या वेळी अशा लेखासोबत एक चौकट करून बोटींचे नंबर, तिकिटं आणि ही फी एवढं छापा, जाणाऱ्यांना कामाला येईल.

– एक वाचक, ठाणे