पानिपत हरलं ते बागपतला

कोल्हापूर, रविवार

प्रिय सुहास,

पत्र पोचलं. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पानिपत जिंकलं असतं, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. १४ जानेवारी १७६१ ला दुपारपर्यंत आपलं पारडं जड होतं, इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकवाल्या पलटणींनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी मोडत आणली होती, सगळं कबूल. पण अब्दालीकडं राखीव फौज होती, सदाशिवरावभाऊकडं नव्हती. शिवाय उपाशी घोडं दिवसभर पळणार कसं?

वैरणीचा हिशोब घाल की. वादाला नको म्हणून चाळीस हजारच घोडी धर. एकाला दिवसाला आठ किलो सुकी वैरण, म्हणजे ३२० टन. लमाणाचा बैल पाठीवर शंभरेक किलो नेतो, तर रोज ३,२०० बैल लागले. आपल्याकडं कारखान्याच्या गव्हाणीपुढं उसाच्या बैलगाड्या लागतात ना, तशा दोनशेक गाड्या रोज, पानिपतच्या कोंडीत अडीच महिने! यात हत्ती, तोफांचे बैल, बाजारबुणगे, यात्रेकरू कुणीच धरलेलं नाही. बुणगे मागं ठेवा, असं मल्हारराव होळकर आणि जाटांचा राजा सूरजमल सांगत होते ते याचसाठी.

१७ ऑक्टोबर १७६० ला पानिपतच्या उत्तरेचं यमुनाकाठचं कुंजपुरा ठाणं घेतलं तेव्हा अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती आलं. तिथून भाऊ कुरुक्षेत्राकडं निघाला आणि महिनाअखेरीस अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून भाऊच्या पाठीमागं दिल्लीच्या वाटेवर बसला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले. अब्दालीची रसद तोडणारं दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात, मग कोण उरलं?

नदी उतरणारं सैन्य तुकड्यातुकड्यांनी काठाला लागतं. दारू भिजलेली, तोफा पलीकडं. पाच हजार सडे, म्हणजे सामान-बुणग्यांशिवायचे, स्वार आणि हलक्या तोफा तिथं असत्या तर अब्दाली अडकला असता, असं माझं मत. नुसत्या स्वारांना कुंजपुऱ्याहून दोन-तीन दिवसांची मजल.

गोलाचं म्हणशील, तर तोफा-पायदळाचं कडं करून, बुणगे मधे घेऊन यमुनेकडं सरकायचं, हा बेत कागदावर ठीक होता. पण जड तोफ हलवायची तर बैल जुंपायचे, डागायची तर सोडायचे. तेवढ्यात रांगेत भगदाड पडतं. अब्दालीच्या जंबुरका, म्हणजे छोट्या तोफा, उंटावर, त्या वाटेल तिकडं वळतात. गनिमी कावाही तिथं नुसता उचलून नेता येत नाही. त्याला पन्हाळा-विशाळगडासारखा पाठीशी गड आणि वैरण देणारा मुलूख लागतो.

आणि लेका, गारद्यांच्या पुढं घोडी घालून त्यांचाच मारा झाकला तो विंचूरकर आणि दमाजी गायकवाडांच्या स्वारांनी. गोलात दम धरून उभं राहणं हे त्यांचं काम नव्हेच. ते ऑक्टोबरात बागपतला पाठवायचे होते.

तुझा,
अनिल